टेपचं दुसरं टोक

तोक्योत आल्यापासून सदुसष्ट दिवसांत विलासराव टिपणिसांच्या हातून एकही चूक झाली नव्हती. निदान कचऱ्याच्या बाबतीत.

नव्वद दिवसांच्या व्हिसावर मुलाकडे आलेल्या निवृत्त बँक मॅनेजरला तसं काम काहीच नसतं. पहिला आठवडा त्यांनी टीव्हीवर सुमो पाहिला. दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीत उभं राहून तोयोसुत चढणाऱ्या टॉवरांचे मजले मोजले. तिसऱ्या आठवड्यात अंबरीषच्या फ्रिजवर चिकटवलेला कचऱ्याचा तक्ता त्यांच्या नजरेस पडला आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत हुकलेलं समाधान त्यांना एकदम सापडलं. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी. बाटल्या गुरुवारी. शनिवारी रद्दी. सगळं सकाळी आठच्या आत, कोपऱ्यावरच्या हिरव्या जाळीखाली. रद्दीला दोरी हवी, आडवी आणि उभी.

ती दोरी तर त्यांचा हातचा मळ होती. त्यांचे वडील मोरेश्वर पन्नासच्या दशकात ओसाकाला कापसाच्या पेढीवर होते, आणि पेढीचं पुढे जे व्हायचं ते झालं तरी गठ्ठ्याची गाठ मात्र घरात राहिली होती. दोन पेच, एक उलटा फास, वरून अंगठ्याने दाब. कात्रीशिवाय सुटत नसे.

तर त्या शनिवारी सकाळी सात पन्नासला विलासरावांनी रद्दीचे पाच गठ्ठे जाळीखाली ठेवले, जाळीचं टोक नीट खोचलं आणि ऑडिटमधून सुटल्यासारखे वर आले.

वर स्वयंपाकघरात मेधाताई चौदा माणसांचा स्वयंपाक सहा माणसांसाठी करत होत्या. आज केळवण होतं. अंबरीषचं आणि इंगरचं. खरं म्हणजे केळवण नातेवाइकांनी करायचं असतं, नवऱ्यामुलाच्या आईने नव्हे. पण सगळ्या जपानात टिपणिसांचे नातेवाईक म्हणजे नागोयाला राहणारी विलासरावांची धाकटी बहीण संपदा आणि तिचे यजमान गुणवंत, आणि संपदाने फोनवर सांगून टाकलं होतं, "वहिनी, यजमान आम्हीच, पण सोड्यांची खिचडी तुझ्या हातची." याचा अर्थ मान नागोयाचा आणि घाम मेधाताईंचा, हे मेधाताईंना कळत होतं. पण सोड्यांची खिचडी खरंच त्यांच्याच हातची चांगली होते, हेही कळत होतं. त्यामुळे राग पूर्ण येत नव्हता.

"टेबल झालं का रिकामं?" त्यांनी विचारलं.

"लख्ख," विलासराव म्हणाले.

त्यांनी नारळ खोवायला घेतला. नऊच्या सुमारास मेधाताईंनी सोलकढीसाठी मिक्सर लावला. तो त्यांनी ठाण्याहून आणला होता आणि चालू असला की घरात दुसरं काहीही ऐकू येत नसे. विलासरावांना त्या वेळात बरं वाटायचं.

*

अंबरीष तोक्यो स्टेशनवरून तिघांना घेऊन बाराला आला. गुणवंतरावांच्या हातात नागोयाच्या मिठाईचा खोका होता, संपदाच्या हातात त्याहून मोठा. इंगरच्या हातात मुरवलेल्या हेरिंगची बरणी होती. ती मासळी आहे म्हटल्यावर मेधाताईंनी झाकण उघडून वास घेतला आणि "आंबट आहे, कोकम नाही लागायचं," असा निकाल दिला. टिपणिसांच्या घरात कुठल्याही सुनेला याहून चांगली सुरुवात मिळाली नव्हती.

संपदाचं या लग्नाबद्दल अजून पूर्ण मत झालेलं नव्हतं. मुलगी चौतीस वर्षांची, म्हणजे अंबरीषहून दोनने मोठी. उंची वादातीत. काम म्हणजे क्यूशूच्या पश्चिमेकडच्या बेटांवर फिरून जुनी लाकडी चर्चं मोजायची. डेन्मार्कमधून येऊन जपानमधली चर्चं मोजायची, आणि जेवायला आपल्याकडे. संपदाने गाडीत गुणवंतरावांना विचारलं होतं, "मोजून होतं काय?" मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये तीस वर्षं घालवलेले गुणवंतराव म्हणाले होते, "मोजलं की माहीत होतं." बारा वर्षं नागोयात राहून नवऱ्याची बोलण्याची जपानी पद्धत झाली होती. चिडून संपदा त्यांना गुणवंत-सान म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

इंगर आत आली, सगळ्यांना नमस्कार केला, मग जेवणाच्या टेबलापाशी थांबली. टेबलावर स्वच्छ पांढरी चादर आणि सहा ताटं. तिने टेबलाखाली पाहिलं. कपाटावर पाहिलं. मग इंग्रजीत, अगदी सौम्यपणे विचारलं, "अंबरीष, माझी चित्रं कुठे ठेवलीस?"

"कसली चित्रं?" विलासरावांनी विचारलं.

"इथे टेबलावर होती. वर्तमानपत्रांमध्ये घातलेली. पेन्सिल पुसू नये म्हणून मी दोन चित्रांच्या मध्ये एक पेपर ठेवते."

विलासरावांच्या डोळ्यांसमोर पाचवा गठ्ठा आला. इतर चारांपेक्षा जरा जड. बांधताना त्यांना वाटलंही होतं, इथले पेपर किती जाड कागदावर छापतात.

"शनिवार आहे आज," ते म्हणाले. ते मराठीत म्हणाले, पण इंगरला शनिवार कळला. जपानात राहणाऱ्या प्रत्येकाला रद्दीचा वार कुठल्याही भाषेत कळतो.

अंबरीष चपला न घालता खाली धावला. चार मिनिटांनी परत आला. जाळी घडी घालून ठेवली होती, कोपरा धुऊन काढला होता. रस्त्यावर एक कपटाही नव्हता.

*

काय गेलं होतं ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण गेले दोन महिने इंगर दुसरं काही बोलत नव्हती. एका बेटावर तेवीस घरांचं एक कोळ्यांचं गाव होतं. तिथलं शंभर वर्षांचं लाकडी चर्च मागच्या वर्षीच्या वादळात कललं. पाडण्याखेरीज इलाज नव्हता. पण गावाने ठरवलं, पाडायचं ते सुटं करून, आणि त्याच लाकडांनी पुन्हा उभारायचं. जूनमध्ये एकेक तुळई, एकेक कमान नंबर घालून उतरवली आणि मच्छीमार सोसायटीच्या गोदामात रचली. कुठल्या नंबरचं लाकूड कुठे बसायचं, हे इंगरने तीन उन्हाळे मोजून काढलेल्या एकेचाळीस चित्रांत होतं. आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. सोमवारी ती ती चित्रं गावच्या सुताराकडे पाठवणार होती.

"स्कॅन?" गुणवंतरावांनी हळूच विचारलं.

"सोमवारीच," अंबरीष म्हणाला. त्याची कंपनी जपानी बँकांना बॅकअपची सिस्टिम पुरवत असे. हे त्या वेळी कोणी काढलं नाही, हा त्या कुटुंबाचा मोठेपणा.

"दादा, अरे उघडून तरी पाहायचंस," संपदा म्हणाली. "रद्दी बांधताना माणूस मध्ये डोकावतो की नाही? आपल्याकडे भाजीच्या पुडीचा कागदसुद्धा वाचतो आपण."

"चूक माझी आहे," विलासराव म्हणाले.

"वॉर्ड ऑफिसला फोन लाव, आत्या."

"शनिवारी कोण बसलंय तिथे? आणि गाडी सरळ कागद कारखान्यात जाते. दुपारपर्यंत लगदा."

"संपदा," गुणवंतराव म्हणाले.

"मी नुसतं सांगतेय. लगदाच करतात. मग त्याचा टॉयलेट पेपर. बदल्यात फुकट देतात, चांगला असतो."

मेधाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात डाव होता. सकाळी सातला घरातून निघताना अंबरीष त्यांना म्हणाला होता, "आई, टेबलावरचं इंगरचं आहे हं, नीट उचलून कपाटावर ठेव." त्या सोडे भिजत घालत होत्या. त्या "हो" म्हणाल्या आणि दहा मिनिटांनी नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, टेबल रिकामं करा." मधलं वाक्य सोड्यांत राहिलं.

आणि अजून एक गोष्ट होती, ती तर त्यांनी कोणालाच सांगितली नसती. लग्नासाठी दोन डिसेंबरला ठाण्यातला हॉल घेतला होता. एक डिसेंबरपासून बेटावर चर्च उभं करायला सुरुवात होणार होती आणि इंगरला तिथे तीन आठवडे राहायचं होतं. त्यावरून मायलेकांचं बुधवारपासून बोलणं बेताचंच होतं. आता कोपरा रिकामा आहे हे कळलं तेव्हा मेधाताईंच्या मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे आता दोन तारीख राहील. तो विचार अर्धाच क्षण टिकला. पण आला होता.

"चूक त्यांची नाही," त्या म्हणाल्या. "मला अंबरीषने सांगितलं होतं. मीच विसरले. मीच त्यांना टेबल रिकामं करायला सांगितलं."

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात ती चूक कबूल करताना त्यांनी दोनदा पाहिली होती, त्यातली एक वेळ तापातली होती.

"बांधले मी," ते म्हणाले.

"सांगितलं मी."

"आता तुम्ही दोघं भांडू नका," संपदा म्हणाली, आणि भावाच्या विरुद्ध उघडलेली आघाडी तिने जागच्या जागी मिटली. "वहिनी, तू बैस. चेहरा बघ तुझा."

*

इंगरला मराठी कळत नव्हती, पण दोन माणसं एकाच दोषासाठी भांडतायत एवढं कळलं. तिच्या घरी, डेन्मार्कच्या जटलंडमध्ये, अशा वेळी सगळे गप्प बसत आणि वडील बोट रंगवायला जात. तिला रडू येत नव्हतं. तिने पाणी मागितलं, ते प्यायली, मग आपल्या पिशवीतून वही काढली आणि ताट जरा बाजूला सारून तीत आकडे लिहायला लागली.

"काय करतेस?" अंबरीषने विचारलं.

"आठवतंय तेवढं. पहिल्या कमानीचा पाया. दोनशे सत्त्याहत्तर सेंटिमीटर. दुसऱ्या कमानीचा." ती थांबली. "दुसऱ्या कमानीचा."

पेन्सिल कागदावर टेकलेली होती. दुसरी कमान आली नाही. तिने तिसरी लिहिली, मग खोडली.

विलासरावांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपली गाठ सैल असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात ओकुबो-सान होत्या. खालच्या मजल्यावरच्या, वय अठ्ठ्याहत्तर, उंची विलासरावांच्या खिशापर्यंत. या आठवड्यात कोपरा सांभाळायची पाळी त्यांची होती. पहिल्या आठवड्यात विलासरावांनी बाटलीचं झाकण बाटलीसकट टाकलं तेव्हा याच बाईंनी ते झाकण वर आणून, दोन्ही हातांनी, वाकून परत दिलं होतं. त्यानंतर विलासराव त्यांना घाबरत. तक्ता पाठ करण्यामागे समाधान किती आणि ओकुबो-सान किती, हे सांगणं कठीण आहे.

आज त्यांच्या दोन्ही हातांवर एक गठ्ठा होता. आडवी-उभी दोरी, उलटा फास. वर पिवळं स्टिकर.

ओकुबो-सान बराच वेळ बोलल्या. आवाज न चढवता कसं रागवावं याचा तो पाठच होता. संपदा भाषांतर करत गेली आणि करता करता तिचा आवाज बदलत गेला.

"म्हणतायत, सुमिमासेन, माफ करा, जेवणाच्या वेळी आले. सकाळी नऊला दोनदा बेल वाजवली, पण आत काही यंत्र चालू होतं. मग त्यांचा फुलं मांडायचा क्लास होता. म्हणतायत, गाडीवाल्याने हा गठ्ठा घेतला नाही. स्टिकर लावून ठेवून गेला. रद्दीत प्लास्टिक आहे." संपदाने गठ्ठ्याच्या कडेकडे पाहिलं. "दादा, कागदात प्लास्टिक घातलंस तू."

गुणवंतराव खाली वाकले. वर्तमानपत्रांच्या बाहेर दोन बोटं दुधाळ, चकचकीत कडा डोकावत होत्या.

"फिल्म आहे," ते म्हणाले. "ड्रॉइंगची. कागद नव्हेच."

"कागद दमट हवेत आक्रसतो," इंगर म्हणाली. "बेटावर फार दमट असतं. म्हणून मी..." आणि ती मटकन जिथे होती तिथे, टिपणिसांच्या चपलांच्या शेजारी बसली. आता तिला रडू आलं. ती हसतही होती, त्यामुळे मेधाताईंना नेमकं काय करावं कळेना, त्यांनी डाव खाली ठेवून तिचं डोकं पोटाशी धरलं.

ओकुबो-सानना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी विलासरावांकडे पाहून आणखी एक वाक्य म्हटलं.

"विचारतायत, ही गाठ तुझीच ना? बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कोणाची अशी नसते, म्हणून लगेच ओळखलं," संपदा म्हणाली. "आणि म्हणतायत, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

विलासराव कमरेत वाकले. इतके खाली ते बँकेच्या चेअरमनसमोरही वाकले नव्हते.

*

ओकुबो-सान जायला तयार नव्हत्या. प्लास्टिक वेगळं आणि कागद वेगळा झालेला त्यांना डोळ्यांनी पाहायचा होता. त्यामुळे सोड्यांची खिचडी झाकून ठेवून टिपणिसांचं आख्खं घराणं चटईवर बसलं आणि गठ्ठा सोडायला लागलं. कात्री आणावी लागली.

वर्तमानपत्र काढायचं, फिल्म काढायची. वर्तमानपत्र डावीकडे, फिल्म उजवीकडे. पहिली दहा चित्रं संपदा भराभर काढत होती. अकराव्यावर तिचा हात मंदावला. एक पालथी बोट होती. फळ्या, फासळ्या, कणा. मग लक्षात आलं की ती बोट नाही, छप्पर आहे.

"ज्याने बांधलं त्याने परदेशी चर्च कधी पाहिलंच नव्हतं," इंगर म्हणाली. "पाद्र्याने पेन्सिलने कमानी काढून दाखवल्या. हा होड्या बांधणारा. त्याने होडी बांधली आणि उलटी ठेवली. आमच्याकडे चर्चच्या छताला लहानसं जहाज टांगतात. मी इथे आत शिरून वर पाहिलं आणि मला वाटलं, हे लोक आमच्यापुढे गेले."

गुणवंतराव एका सांध्यावर बोट ठेवून बसले होते. "खिळा नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "एकही खिळा नाही." लग्नाच्या वेळीही ते इतकं बोलले नव्हते.

"हे खाली काय लिहिलंय?" मेधाताईंनी बोट दाखवून विचारलं. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकेक नाव होतं.

"टेपचं दुसरं टोक ज्याने धरलं त्याचं नाव," इंगर म्हणाली. "शून्य त्याच्या हातात असतं. तो हलला की भिंत हलते. म्हणून मी वाटेल त्याला धरू देत नाही. आणि ज्याने धरलं त्याचं नाव लिहिते. हा गावचा पोस्टमन. ही चर्चमध्ये झाडू मारणारी आजी. हा सुतार."

"आणि हा अंबरीष," संपदा म्हणाली. "हाही अंबरीष. चौदा, पंधरा, सोळा, सगळा अंबरीषच आहे. तारीख आहे बघ, एकवीस मे."

मेधाताईंनी मान वर केली. "मे महिन्यात तुझं रिलीज होतं ना? सगळे शनिवार-रविवार ऑफिसात होतास. मी फोनवर विचारायचे जेवलास का, तर म्हणायचास, सर्व्हर रूममध्ये आहे."

"रेंज नव्हती तिथे, आई."

"सर्व्हर रूममध्ये?"

"बेटावर."

गुणवंतराव हसले. त्यांचं हसणं आजवर टिपणिसांनी ऐकलं नव्हतं. ते फार मोठं निघालं. मग संपदा, मग इंगर, आणि शेवटी काही न कळताही ओकुबो-सान, तोंडावर हात ठेवून.

मेधाताई हसल्या नाहीत. त्या सोळाव्या चित्राकडे पाहत होत्या. ज्या मुलाला ठाण्यात पंख्याखालची खुर्ची धर म्हटलं तर दोन मिनिटं धरवत नसे, त्याने समुद्रातल्या बेटावर मे महिन्याचे सगळे शनिवार-रविवार एका पोरीचं शून्य धरलं होतं.

"हॉल जानेवारीत मिळतो का, विचारा उद्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"दोन तारखेला तू हट्टाने..."

"चर्चचा मुहूर्त आधी निघालाय. एका घरात लागोपाठ दोन कार्यं कशाला?" मग त्या इंगरकडे वळून त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "जानेवारी. तिकडे थंडीसुद्धा छान असते." इंगरने त्यांचा हात धरला. तिच्या हाताला पेन्सिलीची काळी पूड होती, ती मेधाताईंच्या बोटांना लागली. त्यांनी पुसली नाही.

एकेचाळीस भरली. अंबरीषने प्रत्येकाचे दोन दोन फोटो काढले, मग तिसरा. विलासरावांनी डावीकडची वर्तमानपत्रं सारखी केली, दोरी घेतली आणि पुन्हा बांधली. दोन पेच, उलटा फास, अंगठा. ओकुबो-साननी दोरीत एक बोट घालून ओढून पाहिलं. मान हलवली आणि उठायला लागल्या.

"जेवायला थांबवा त्यांना," मेधाताई म्हणाल्या.

"सात होतील. टेबल सहांचं आहे," अंबरीष म्हणाला.

"बसतील की."

"कसे बसतील? एका बाजूला तिघं मावतात का ते..."

"मोजू या," टेबलाकडे दाखवणारे हात पाहून इंगर म्हणाली.

तिने पिशवीतून स्टीलची टेप काढली. अंबरीषने सवयीने हात पुढे केला. तिने टेप त्याच्या हातावरून पलीकडे नेली आणि टोक विलासरावांपुढे धरलं.

"विलास-सान," ती म्हणाली, "तुम्ही."

विलासरावांनी आधी धोतराला पुसावेत तसे हात पँटला पुसले. टोक घेतलं. टेबलाच्या कडेला लावलं, अंगठ्याने दाबलं आणि श्वास धरून उभे राहिले. इंगर टेप ओढत पलीकडे गेली. आकडा वाचला, वहीत लिहिला, आणि त्या आकड्याखाली बारीक अक्षरात त्यांचं नाव.

"झालं," ती म्हणाली.

सगळे ताटं सरकवायला लागले. खिचडी आली, हेरिंगची बरणी आली, सोलकढी आली. ओकुबो-साननी सोडे ओळखले आणि बसूनच एक लहानसा नमस्कार केला. विलासराव अजून टेबलाच्या कडेला अंगठा दाबून उभे होते.

"अहो, सोडा आता," मेधाताई म्हणाल्या. "झालंय मोजून."

"तिला एकदा नीट तपासू दे," विलासराव म्हणाले.